विकलेली गिरणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलंय, प्रत्येकाने पाच मिनिटांत आपण काय मिळवलं ते सांगावं. माझ्या आधी बोललेल्यांनी इतकं मिळवलंय की मला धडकीच भरली. म्हणून मी काय विकलं, ते सांगतो.

माझं टोपणनाव तुम्ही विसरला नाहीत, हे मघाशी चहाच्या रांगेतच कळलं. पीठ्या! शाळेच्या मागच्या गल्लीत आमची पिठाची गिरणी. सकाळी वडिलांना मदत करून प्रार्थनेला धावत यायचो, तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. वडील गेल्यावर गिरणी माझ्याकडे आली. नोकरी कुपवाडच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास गिरणीत मी, मधल्या वेळेत आक्का. आक्का वडिलांच्या वेळेपासूनच्या.

गिरणी म्हणजे बटण दाबलं की पीठ, असं नसतं. आधीच्या दळणाचं पीठ दगडात थोडं राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी आणि उपवासाचं दळण दगड साफ करून, वेगळ्या वेळेला. 2019 साली फाउंड्रीत माझ्याकडे शिफ्टची जबाबदारी आली, घरी आई अंथरुणाला खिळलेली. एका संध्याकाळी घाईत मी ज्वारीवरच राजगिरा टाकला. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत, डबा तिथेच ठेवून निघून गेल्या. त्या रात्री ठरवलं, आता विकायची.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मोबाइलच्या दुकानासाठी. त्यांना फक्त जागा हवी होती. पैसे बरे होते, पण आक्कांचं काय, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्याने गिरणीच मागितली आणि विचारलं, "महिन्याला सुटतात किती?" मी ऐटीत म्हणालो, सात-साडेसात हजार. तो म्हणाला, "वही दाखवा." मग घरी बसून आयुष्यात पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. रोजचं सरासरी दीडशे किलो दळण, किलोला 6 रुपये, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 23,400. त्यातून वीज 5,500, आक्कांचा पगार 9,000, दगडांना टाकी लावणं, पट्टा, बेअरिंग, काट्याचं दरवर्षीचं शिक्कामोर्तब हे सगळं धरून 1,500. उरले 7,400. पण जागा आमचीच म्हणून भाडं मी कधी धरलंच नव्हतं. ते 4,000 वजा केले की 3,400. आणि माझे महिन्याचे 91 तास? तासाला 38 रुपये सुद्धा पडत नव्हते! एवढे दिवस मी स्वतःला धंदेवाला समजत होतो.

वही बघून तो गेला तो परत आला नाही. तेव्हा आक्काच म्हणाल्या, "दादा, मला द्या की." त्यांना तीच वही दाखवली. त्या हसल्या. "तुमचे तास धरू नका, माझा पगार धरू नका. मग बघा."

बरोबर होतं त्यांचं. मी नोकरी सांभाळून चालवत होतो, त्या दिवसभर चालवणार होत्या. मशीन, मोटर, काटा, चाळण्या मिळून किंमत ठरली 1,10,000. चाळीस हजार रोख, बाकी महिन्याला अडीच हजार, जागेचं भाडं वेगळं. माझ्या मेव्हण्याने मला वेड्यात काढलं. स्टँपपेपरवर सगळं लिहिलं, पण विजेचं बिल कोणी कधी भरायचं, तेवढंच राहिलं. मीटर माझ्या नावावर. दोन बिलं थकली आणि नोटीस माझ्या घरी आली. मी जाऊन आक्कांना नको ते बोललो. त्यांना वाटत होतं, बिल भाड्यातच आहे. तुमच्यापैकी कोणी असा व्यवहार करणार असेल, तर मीटर आधी नावावर करून द्या, पेढे नंतर वाटा.

मग मार्च 2020. फाउंड्री बंद, गिरणी मात्र अत्यावश्यक. बाहेर खडूच्या वर्तुळांत डबे आणि आत आक्का एकट्या. चार दिवस मी खिडकीतून बघितलं. त्या भांडणानंतर जायचं कोणत्या तोंडाने? पाचव्या दिवशी गेलो. त्यांनी वर न बघता काटा माझ्याकडे सरकवला. "गहू आधी घ्या, ज्वारी मागनं."

दीड महिना मी त्यांच्या हाताखाली काम केलं. महिन्याअखेरीस त्यांनी माझ्यापुढे पाकीट धरलं, मी हात मागे घेतला. तर म्हणाल्या, "मग हप्त्यातून वळते करून घ्या. फुकट कुणाकडून काम करून घेत नाही मी." तासाचे पन्नास रुपये लावले होते त्यांनी. माझ्या गिरणीत मला एवढे कधी मिळाले नव्हते.

हप्ते 2022 सालीच फिटले. पाटीवर अजून वडिलांचं नाव आहे. काढू का, म्हणून त्यांनी विचारलं होतं, राहू दे म्हटलं. रविवारी मी दळण घेऊन जातो. गेल्या आठवड्यात घाई होती, म्हणून डबा जरा पुढे सरकवला, तर आक्कांनी तो उचलून रांगेत मागे ठेवला.