सहल ठरवताना समुद्राला विचारा

आज कर्जाचं किंवा हप्त्याचं बोलणार नाही. आज बोलायचंय सहलीबद्दल, तीही समुद्रावरच्या.

आमच्या गटात आम्ही चौदा जणी. निम्म्या जणी एमआयडीसीतल्या कारखान्यांत कामाला जातात, काही जणी घरी पापड-मसाले करतात, दोघी शिवणकाम करतात. बऱ्याच जणींचं माहेर जळगाव, परभणी, बुलढाणा अशा ठिकाणचं. लग्न होऊन बोईसरला आल्या आणि इथल्याच झाल्या. बोईसरहून समुद्र किती लांब? रिक्षानं जाण्याइतका. तरी आमच्यातल्या एका काकूंनी बावीस वर्षांत समुद्रात पाय घातला नव्हता. कधी गेल्याच तर पोरांच्या चपला सांभाळत वाळूत बसून परत आल्या. हे ऐकलं आणि मागच्या वर्षी बैठकीत ठरवलं, की आपली सहल काढायची. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. महिन्याला प्रत्येकीनं वेगळे पन्नास रुपये टाकायचे. दहा महिन्यांत सात हजार रुपये जमले. त्याचा हिशेबही वेगळ्या वहीत लिहिला.

पैसे जमले आणि मग खरा प्रश्न आला. दोन घरांतून निरोप आला, की बायकांनी समुद्रावर कशाला जायचं? बुडायला? मैत्रिणींनो, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केळव्याच्या समुद्रात चार मुलं बुडाली, हे आपल्या सगळ्यांना आठवतं. नाशिकहून सहलीला आलेले विद्यार्थी त्यांच्यात होते. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं, तरी समुद्रानं माणसं नेली. त्यामुळे घरच्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण भीती वाटते म्हणून जायचंच नाही, असं ठरवलं तर आपण रस्त्यावरही चालणार नाही आणि चूलही पेटवणार नाही. चुलीशी कसं वागायचं ते आईनं शिकवलं. समुद्राशी कसं वागायचं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींना कुणी शिकवलंच नाही.

म्हणून आम्ही विचारायला गेलो. बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या एक मावशी आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांचं सगळं घर मासेमारीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तिथी कोणती धरलीत?" आम्ही म्हटलं, रविवार धरलाय. मावशी हसल्या. म्हणाल्या, "समुद्राला रविवार कळत नाही, बाय. त्याला तिथी कळते."

तर आज आपण हेच समजून घेऊ. उमेद असो की माविम, आपल्या प्रत्येक गटाला पंचसूत्री पाठ असते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. तशी समुद्रावर जायचीही पाच सूत्रं आम्ही लिहून काढली आहेत.

पहिलं सूत्र, तिथी. भरतीची वेळ काढायला आपल्या कोकणपट्टीत एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली असेल, त्यांना हे सोपं जाईल. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. मध्ये साधारण सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून खात्री करायचीच. पण घरी बसून कालनिर्णय पाहून अंदाज बांधता येतो.

आता पौर्णिमा आणि अमावस्येचा हिशेब करा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. उधाणाला आपल्याकडे पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, म्हणजे जवळजवळ दीड मजला. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याचा चढउतार त्या मानानं कमी. मैत्रिणींनो, आता आपले सण आठवा. होळी पौर्णिमेला. धुळवड तिच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन अमावस्येला. आपल्या कितीतरी सुट्ट्या नेमक्या उधाणाला येतात. धुळवडीला रंग धुवायला म्हणून दुपारी बारा-एकला पोरं समुद्रात उतरतात, तेव्हा पाणी सगळ्यांत जोरात असतं. नंतर लोक म्हणतात, समुद्र दगा देतो. समुद्र दगा देत नाही, तो कॅलेंडरप्रमाणे वागतो. ते कॅलेंडर आपल्याच भिंतीवर लटकलेलं असतं.

आम्ही रविवारी येणारी माघ वद्य षष्ठी निवडली. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारला भरती आणि सकाळी सव्वादहाच्या सुमाराला ओहोटी. उधाण नाही, पाणी हळूहळू वर येणार. पावणेअकरा ते साडेबारा पाण्यात खेळायचं, तेही गुडघाभर पाण्यात आणि काठाला धरून. पाणी पुढे येईल तसं आपण मागे सरकायचं. ओहोटी लागलेली असताना उतरायचं नाही, कारण तेव्हा पाण्याची ओढ आत असते. आणखी एक सांगते. आपले किनारे सपाट आहेत. ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मध्ये वाळूचे उंचवटे उघडे पडतात. पोरं चालत तिथवर जातात. भरती लागली की आधी मधल्या सखल भागात पाणी भरतं. पुढे कोरडी वाळू दिसत असते आणि मागची वाट बंद झालेली असते. म्हणून लांब चालत जायचं नाही.

दुसरं सूत्र, वारा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. दुपारी उलटतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. शाळेत आपण हे शिकलो, पण त्याचा उपयोग कुणी सांगितला नाही. सकाळी समुद्र शांत दिसतो, कारण वारा पाठीमागून येतो. अशा वेळी लेकराला हवेची ट्यूब किंवा फुगवलेलं बदक देऊन पाण्यात सोडलं, तर वारा त्याला अलगद आत घेऊन जातो. आरडाओरडा करण्याजोगं काहीच दिसत नाही, आणि तोवर अंतर वाढलेलं असतं. चेंडू आत गेला, तर तो गेला असं समजायचं. वीस रुपयांच्या चेंडूमागे कुणी जायचं नाही. आमच्या सहलीत ट्यूब बंद. दुपारनंतर खारा वारा वाढला, की वाळू डोळ्यांत जाते, लाटा खवळतात, डब्यात वाळू येते. म्हणून एकच्या आत सगळ्यांनी सुरूच्या झाडांखाली यायचं, जेवायचं, गाणी म्हणायची.

लाटांचं एक समजून घ्या. इथे वारा नसला, तरी लांबच्या वादळानं उठवलेल्या लाटा आपल्या काठावर येऊ शकतात. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. ते उंच लाटांचा इशारा देतं, आणि हवामान खातंही सांगतं. सहलीच्या आदल्या दिवशी ते पाहायचं. इशारा असेल तर सहल पुढे ढकलायची, भले पुऱ्या तळून झालेल्या असोत. आणि १ जूनपासून पावसाळ्यात तर विचारच नको. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्यांच्या यांत्रिक बोटीही तेव्हा बंद असतात.

तिसरं सूत्र, जागा. पाण्यात कुठे उतरायचं हे मोबाइलवरचे फोटो पाहून ठरवायचं नाही. खाडीच्या तोंडाशी उतरायचं नाही, तिथे पाणी फार ओढतं. खडकांच्या कडेला नाही. नवापूरच्या समोर औद्योगिक सांडपाण्याची वाहिनी समुद्रात जाते, म्हणून मुलांना पाण्यात न्यायला तो भाग आम्ही धरला नाही. केळवे ठरलं. बोईसरहून विरारकडे जाणारी गाडी धरली की उमरोळी, पालघर आणि तिसरं केळवे रोड. तिथून रिक्षा. शितलादेवीचं दर्शन घ्यायचं आणि मग किनारा. किनाऱ्यावर पोचलं की पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाणी पाहायचं. लाटा फुटतात तिथे पांढरा फेस दिसतो. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये कधी कधी शांत, गडद पाण्याचा पट्टा दिसतो. शांत आहे म्हणून लोक तिथेच उतरतात. पण काठावर आलेलं पाणी अनेकदा तिथूनच आत परत जात असतं. त्या ओढीत सापडलं, तर काठाच्या दिशेनं झुंजायचं नाही. माणूस थकतो आणि बुडतो. पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाक मारायची. पोहता येत असेल तर काठाला समांतर, आडवं जायचं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग काठाकडे यायचं.

चौथं सूत्र, राखण. चौदा जणींपैकी दोघी कायम कोरड्या. अर्ध्या तासानं पाळी बदलायची. त्या दोघींनी मोबाइल पाहायचा नाही, सेल्फी काढायची नाही, फक्त पाण्याकडे पाहायचं. जवळ लांब दोर आणि दोन रिकामे, बूच घट्ट लावलेले पाच लिटरचे कॅन ठेवायचे. कुणी बुडताना दिसलं, तर पोहता न येणारीनं आत उडी मारायची नाही. कॅन फेकायचा, दोर फेकायचा, ओरडून कोळी बांधवांना आणि जीवरक्षकांना बोलवायचं. एकाला वाचवायला गेलेले चौघे जातात, असं फार वेळा होतं. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत.

पाचवं सूत्र, हिशेब. इथे हिशेब माणसांचा. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवायची आणि डोकी मोजायची. पैशाचा हिशेब चुकला तर पुढच्या बैठकीत दुरुस्त होतो. हा हिशेब दुरुस्त होत नाही.

आता कपड्यांचं बोलू, कारण बैठकीत सर्वांत जास्त वाद यावरच झाला. सहावारी साडी पाण्यात भिजली, की पायांत गुंडाळते आणि वाळूनं जड होते. लाट आली की बाईला उठताच येत नाही. किनाऱ्यावरच्या मांगेला, वैती, कोळी समाजातल्या आपल्या बहिणी चिखलात काम करताना लुगड्याचा कासोटा घालतात, ते उगाच नाही. आम्ही ठरवलं, सलवार किंवा लेगिंग आणि आखूड कुर्ता घालायचा, ओढणी काठावर ठेवायची. एक वहिनी म्हणाल्या, लोक पाहतील. काकूंनी उत्तर दिलं, "बावीस वर्षं मी लोकांना पाहत वाळूत बसले. आता लोकांनी पाहावं." त्या दिवशी वाद मिटला. ज्या दोन घरांतून नकार आला होता, तिथे आम्ही ही पाच सूत्रं कागदावर लिहून दिली आणि वाचूनही दाखवली. एका घरानं हो म्हटलंय. दुसऱ्या घरी या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.

शेवटी आमच्या एका मैत्रिणीच्या लेकीबद्दल सांगायचंय. बारावीत आहे. तिनं मोबाइलवर सर्फिंग पाहिलं, फळीवर उभं राहून लाटेवरून येतात ते. म्हणाली, मला हेच शिकायचंय. आई म्हणाली, हे आपल्यासाठी नसतं. आम्ही माहिती काढली. ईशिता मालवीय या मुंबईच्या. शिकायला कर्नाटकात मणिपालला गेल्या, तिथे सर्फिंग शिकल्या आणि २००७ मध्ये कोडी बेंग्रे या मच्छीमार गावात त्यांनी जोडीदारासह शाका सर्फ क्लब सुरू केला. भारताच्या पहिल्या व्यावसायिक महिला सर्फर म्हणून त्यांना ओळखतात. तिकडेच मुल्कीलाही सर्फिंग शिकवतात. टोकियो ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आला. तेव्हा मुलींसाठी नसतं, असं म्हणता येणार नाही.

त्या लेकीला आम्ही सांगितलं, की तुझी सहलही नियोजनानंच होईल. आधी पोहायला शीक, मगच फळी. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरनंतरचे महिने धर. वसई रोड किंवा पनवेलहून कोकण रेल्वेची गाडी मिळते. शिकवणारा माणूस सोबत असल्याशिवाय फळी हातात घ्यायची नाही. आणि सर्फिंग करणारी माणसं पहाटे का उठतात, ठाऊक आहे? मतलई वारा हलका असतो, तेव्हा लाट नीट, एकसारखी उभी राहते. दुपारचा वारा ती विस्कटतो. म्हणजे मासे विकणाऱ्या मावशींना जे कळतं, तेच त्यांनाही कळावं लागतं. लेकीनं पालघरमध्ये पोहण्याच्या वर्गाची चौकशी सुरू केली आहे. आईनं तिच्या नावानं महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकायला घेतले आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटानंही सहल काढा. आधी कालनिर्णय उघडा, पाऊणकी करा, बाजारातल्या मासेवाल्या मावशींना विचारा. मग डबे भरा. पाण्यात उतरा, हसा, भिजा आणि मोजून सगळ्या जणी घरी या.