रोग गेला, पुढे काय?
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय संकोचाचा आहे. परंतु संकोचामुळेच त्याचे दुःख वाढते, म्हणून तो आपणांपुढे मांडतो. वृषणाचा कर्करोग तसा विरळा. पण तो बहुधा ऐन उमेदीच्या वयात गाठतो. १९७४ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनची अन्य औषधांशी जोड घातली आणि या रोगाचे भवितव्य पालटले. आज शरीरभर पसरलेला रोगही शेकडा सुमारे ८० रुग्णांत बरा होतो.

तथापि प्राण वाचले म्हणजे सर्व संपले, असे नव्हे. औषधाने हातापायांस आलेली बधिरता कित्येकांस वर्षानुवर्षे सोडीत नाही. शेतात अनवाणी चालणाऱ्यास काटा रुतलेला कळत नाही, हे आपण ध्यानी घ्यावे. कानांत सतत नाद घुमतो, बारीक स्वर ऐकू येत नाहीत, थंडीत बोटे पांढरी पडतात. पुढे रक्तदाब व हृदयविकार यांचाही धोका वाढतो. म्हणून तंबाखू व विडी कायमची सोडावी आणि तपासणी चुकवू नये.

संततीचा प्रश्न याहून नाजूक. उपचारापूर्वीच वीर्य जतन करून ठेवण्याची सोय आहे. ती डॉक्टरांस आधी विचारावी. एक वृषण काढले तरी उरलेले बहुधा पुरेसे असते. अंतःस्राव उणा पडल्यास औषध मिळते. मात्र त्या औषधाने वीर्योत्पत्ती मंदावते, सबब अपत्याची इच्छा असल्यास तसे स्पष्ट सांगावे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके १९८७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत समाविष्ट आहेत. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. मुंबईस टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे. परंतु नोंदवहीत रोगाची गणना होते. बऱ्या झालेल्या तरुणाच्या मनातील शल्याची होत नाही. ते जाणणे घराचे व ज्ञातीचे काम होय.

असा तरुण विवाहास अपात्र, हा समज निराधार आहे. त्याने सत्य विवाहापूर्वी सांगावे आणि आपण ते शांतपणे ऐकून घ्यावे. सत्य सांगणाऱ्याचेच स्थळ मोडू लागले, तर उद्या प्रत्येक जण रोग लपवील आणि लपविलेला रोग वेळेवर बरा होणार नाही. मंडळाने वधूवर सूचन करताना एवढे औदार्य दाखवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.