सोय कुणाची, चव कुणाची?

(वस्तीतल्या महिला गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मी आज नवीन खाण्यापिण्यावर बोलणार म्हटल्यावर आपल्यातल्याच दोघीतिघी हसल्या. मारहाण, रेशन, पोटगी, पाणी हे विषय सोडून ताई आता थंड पेयांवर आणि पाकिटातल्या शेवयांवर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. मलाही आधी तसंच वाटायचं. गेल्या संक्रांतीला माझं मत बदललं. ते कसं, तेच सांगते.

आपण संक्रांतीला हळदीकुंकू करत नाही, कारण त्यात विधवा आणि परित्यक्ता बायांना जागा नसते. आपण तिळगुळाचा कार्यक्रम करतो, सगळ्यांना बोलावतो. यंदा तरुण मुलींनी सुचवलं की प्रत्येकीनं दहा रुपये काढायचे आणि आपण कधीच चाखले नाहीत असे पदार्थ आणायचे. मग मुलींनी आणले मोमो, पाकिटातलं सूप, कोल्ड कॉफी, मेयोनीज लावलेला पाव, कोलाची मोठी बाटली, नाचणीची बिस्किटं. चाळिसेक जणी गोल करून बसलो. एका आजींनी मोमो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर मोदक. पण ह्यात कोबी कुणी भरला?" हसून हसून पुरेवाट झाली. सूप कुणालाच आवडलं नाही. कोल्ड कॉफी मात्र पुन्हा मागून घेतली.

त्या हसण्यात एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. आमच्यातली एक मैत्रीण, धुणंभांडी करणारी, हातात आलेली प्रत्येक वस्तू अर्धी खात होती आणि अर्धी कागदात गुंडाळून ठेवत होती. पोरासाठी. शेजारचीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "आज तू खा. पोराला आपण वेगळं देऊ." ती म्हणाली, "मला जाईना घशाखाली." आणि तिचे डोळे भरून आले.

मग आम्ही एकमेकींना प्रश्न विचारला : स्वतःच्या मनानं, स्वतःसाठी, घरात कुणालाही न विचारता नवीन काही विकत घेऊन तू शेवटचं कधी खाल्लंस? चाळिसातल्या सहाजणींनी उत्तर दिलं. बाकीच्या गप्प. काही जणींना तर प्रश्नच कळला नाही. "स्वतःसाठी म्हणजे?" असं त्यांनी विचारलं. जी बाई रोज सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळून रांधते, तिला स्वतःची आवड कोणती हे सांगता येईना. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

नवीन चव घरात येते तेव्हा ती आधी कुणाकडे जाते ते बघा. बाटली उघडली की पहिला पेला नवऱ्याचा, मग मुलाचा, मग मुलीचा. आई बाटलीत पाणी घालून हलवून पिते. चवीची ही उतरंड ताटातही तशीच असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत. पण सगळ्यात शेवटी आणि उरलंसुरलं खाण्याची रीत त्यात नाही, असं कोण म्हणेल?

पुरुषांना बाहेरचं खाणं कधी वर्ज्य नव्हतं. टपरीवरचा चहा, नाक्यावरची मिसळ, सुटीच्या दिवशी भेळ, हे त्यांच्या दिवसाचाच भाग. बाईनं एकटीनं हॉटेलात बसणं मात्र कायम डोळ्यांवर येणारं. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत बायकांसाठी आडोशाची वेगळी 'फॅमिली रूम' असायची. फॅमिली असेल तरच बाई आत. एकटी बाई चहा प्यायला आली, तर तिनं कुठं बसावं?

'आम्ही बाहेरचं खात नाही' या वाक्यातही फक्त स्वच्छता नसते. ते कुणाच्या हातचं आहे, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. ज्या देशात पाण्याच्या घोटासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तिथं खाणंपिणं नुसतं चवीचं कधीच नव्हतं. शाळेतलं जेवण दलित बाईनं शिजवलं म्हणून मुलांना जेवू न देण्याचे प्रकार या शतकातही वेगवेगळ्या राज्यांत घडले आहेत. तेव्हा बाहेरचं खाणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवली, तर ती नावं नेमकी कशाला ठेवली जाताहेत हे आपण विचारलं पाहिजे.

आता सोयीबद्दल. माझं लग्न झालं त्याच सुमारास, १९८३ साली, मॅगी आपल्याकडे आली. मी नोकरी करत होते. संध्याकाळी घरी आल्यावर एकदा मुलांना त्या शेवया करून दिल्या आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात भाजीच्या देठांखाली दडवली. सासूबाईंना दिसू नयेत म्हणून! 'घरात बाई आहे की नाही?' हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. आज त्याचं हसू येतं. पण ती पाकिटं दडवताना मला खरोखर चोरी केल्यासारखं वाटलं होतं. माझ्या नवऱ्याला तसं कधी वाटलं नाही. नाक्यावरून भजी आणली की त्याचं कौतुकच व्हायचं.

सोय आणि बाई यांचं हे भांडण जुनं आहे. एके काळी पहाटे उठून जातं ओढावं लागायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांचं मोल मोठं आहेच. पण त्या ज्या कष्टांतून आल्या त्या कष्टांकडे परत जा, असं आपल्यातली एक तरी म्हणेल का? गिरणी आली तेव्हाही त्या पिठाला कस नाही म्हणून नाकं मुरडणारे होते. आज गिरणीतून पीठ आणणाऱ्या बाईला कुणी आळशी म्हणत नाही. मग इडलीचं तयार पीठ आणणारीला का म्हणतात? तेव्हा पहिली गोष्ट अशी, की आयतं आणल्याची शरम सोडून द्या.

पण म्हणून सोयीनं आपण मोकळ्या झालो, असं मी म्हणणार नाही. सरकारनं २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया २०१९ मध्ये त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. २०२४ मध्ये २८९. या पाच वर्षांत दहा मिनिटांत सामान घरपोच करणारी दुकानं आली, तयार पिठं आली, कापलेल्या भाज्या आल्या, आणि बाईची वाचली दहा मिनिटं. पुरुषांचं काय झालं? जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला. म्हणजे आपली दहा मिनिटं कमी झाली, तर त्यांचीही नऊ झाली! वस्तू बदलल्या, कामाची वाटणी तशीच राहिली. पाकीट कात्रीनं कापायला, पाणी उकळायला आणि भांडं घासायला बाईचाच हात का लागतो? दोन मिनिटांचं काम तर कुणालाही जमावं.

कंपन्यांना आपली ही अडचण नीट कळलेली आहे. जाहिरातीतली आई बघा. ती कधी दमलेली नसते. मूल 'भूक लागली' म्हणतं आणि ती हसत पाकीट उघडते. आपल्याला वेळ नाही, ही आपली अडचण. त्याबद्दल आपल्याला अपराधी वाटतं, हा त्यांचा धंदा. मुलाची उंची वाढेल, डोकं चालेल, असं सांगून दुधात घालायची पावडर विकली जाते, ती याच अपराधीपणावर. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचं काही नाहीच. इतकी वर्षं ज्या नावाला भुलून आपण पोटाला चिमटा काढून डबे आणले, त्या नावाला कायद्याचा आधारच नव्हता.

म्हणून दुसरी गोष्ट : पाकीट वाचा. घटकांची यादी वजनाच्या क्रमानं छापावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते आधी. साखर, मैदा, पामतेल ही नावं आधी आली, तर मागच्या फळांच्या चित्राला भुलू नका. कोला पेयांत साधारणपणे १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चहाचे चमचे. पाच चमचे साखर घातलेला चहा आपण पिऊ का? अधूनमधून गंमत म्हणून प्यायला माझी हरकत नाही. पण घरात दूध परवडत नाही आणि पोराच्या हातात रोज पाच रुपयांचं पाकीट असतं, तेव्हा ती गंमत राहत नाही.

यावर काही करता येत नाही, असं समजू नका. बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळांचं तयार अन्न यांची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्यानं बंदी आहे. हा कायदा १९९२ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. आईच्या दुधाला कमी लेखून नफा कमावणं चुकीचं आहे, हे संसदेला मान्य करावं लागलं. मग मोठ्या मुलांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींवर बंधन का येऊ नये?

तिसरी गोष्ट, हे तयार अन्न तयार कोण करतं? बहुतेक वेळा बाईच. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कारखान्यांत काजू सोलणाऱ्या बायांचे हात टरफलाच्या तेलानं भाजतात. बाटलीतली साखर उसातून येते, आणि ऊसतोडीला नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या हातात पडते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातात, हे बाहेर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आपली सोय दुसऱ्या बाईच्या शरीरातून काढलेली असेल, तर ती सोय म्हणायची का?

याउलटही उदाहरणं आहेत. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र केलं. सावकाराच्या विळख्यातून सुटण्यासाठी त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. घरात फुकट करायचं तेच काम बायांनी एकत्र येऊन, मोल ठरवून केलं, की काय होतं ते यातून दिसतं. आपल्या वस्तीतही पोळीभाजी केंद्रं आहेत. तिथं पोळ्या लाटणारीला दर पोळीमागे काय मिळतं, हे आपण कधी विचारलंय?

तर मैत्रिणींनो, यंदा आपण तीन कामं ठरवू या. एक, दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातलं एक पाकीट आणायचं आणि सगळ्यांनी मिळून ते वाचायचं. वाचता येत नाही तिला दुसरीनं वाचून दाखवायचं. दोन, आपल्या भागातल्या पोळीभाजी केंद्रांत काम करणाऱ्या बायांना गाठून त्यांच्या मजुरीची माहिती गोळा करायची. तीन, महिन्यातून एकदा घरात काहीतरी नवीन आणायचं, ते घरातल्या पुरुषानं करायचं किंवा वाढायचं, आणि पहिला घास बाईनं घ्यायचा. हे तिसरं काम सगळ्यात अवघड जाईल, हे मला माहीत आहे.

ती कागदात खाऊ गुंडाळणारी आपली मैत्रीण आज इथं बसली आहे. तिची परवानगी घेऊनच मी तिची हकिगत सांगितली. मागच्या आठवड्यात ती मला बसथांब्यावर भेटली. म्हणाली, "ताई, काल कामावरून येताना एक कोल्ड कॉफी घेतली. उभ्यानं प्याले, पण पुरी प्याले." पुढच्या वेळी ती बसून पिईल.

एवढं बोलून थांबते.