सीए इंटर : ‘वाचून झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

हा भाग खास शिरूर-दौंडकडच्या सीएवाल्यांसाठी. तुमचे व्हॉइस मेसेज ऐकले. वेगवेगळ्या आवाजांत प्रश्न एकच आहे : ‘दादा, दहा-दहा तास बसतो, पण पेपरात आठवतच नाही.’

आधीच सांगून टाकतो, मी सीए नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. पण आमच्या घरात सीए इंटर चालू आहे. माझी मामेबहीण दौंडला असते. पहिल्या ग्रुपचे तिचे मार्क ऐका : अकाउंटिंग 47, लॉ 52, टॅक्सेशन 44. तिन्ही पेपरांत चाळीसच्या वर आणि तरीही नापास. कारण प्रत्येक पेपरात 40 तर लागतातच, पण ग्रुपची बेरीज 50 टक्के लागते. म्हणजे 300 पैकी 150. हिची झाली 143. सात मार्क कमी!

मामा म्हणाला, ‘अजून एकदा दे. नाही झालं तर कुरकुंभ एमआयडीसीत अकाउंट्सला लाग.’ यात राग वगैरे काही नाही. क्लासची फी उसाच्या बिलातून जाते, आणि बिल कधी येईल हे कारखान्याच्या हातात. म्हणून ते सात मार्क आले कुठून आणि गेले कुठे, हे शोधायला आम्ही दोघं बसलो.

तिच्या पुस्तकात तीन रंगांचे हायलायटर होते. दिसायला एकदम भारी. 2013 साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून एक मोठा आढावा लिहिला. त्यात हायलायटिंग आणि पुन्हा पुन्हा वाचणं, दोन्ही खालच्या रांगेत होत्या. वरच्या रांगेत दोनच : स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं. त्याआधी 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी मुलांना उतारे देऊन बघितलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारी मुलं पुढे होती. आठवड्याने विचारलं तर पुस्तक बंद करून आठवणारी मुलं पुढे गेली. आता आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे मी सांगायला नको.

मग करायचं काय? बहीण क्लासला दौंड-पुणे गाडीने येते. पाटसपर्यंत पुस्तक उघडं. पाटस गेलं की बंद. केडगाव, खुटबाव, यवत येईपर्यंत आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं. उरुळीला पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने लिहायचं. पहिल्या आठवड्यात कागद जवळजवळ लालच होता आणि ती वैतागली. ‘यापेक्षा वाचलेलं बरं, निदान येतंय असं तरी वाटतं,’ म्हणाली. खरी मेख इथेच आहे. वाचताना ओळखीचं वाटतं, ओळखीचं म्हणजे येतंय असं वाटतं.

शिरूरवाल्यांना रेल्वे नाही, एसटीत लिहिता येत नाही. तुम्ही स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करा, मध्ये वीस सेकंद गप्प राहा, मग उत्तर. रांजणगावपासून वाघोलीपर्यंत ऐका. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तर आख्खा चॅप्टर होईल.

दुसरी गोष्ट, नियम पाठ करण्याआधी आपल्या गावात शोधा. शेतीचं उत्पन्न आणि धंद्याचं उत्पन्न वेगळं करण्यात ती कायम अडायची. मी विचारलं, शेतकऱ्याने ऊस कारखान्याला घातला तर? शेती उत्पन्न. त्याच उसाचा स्वतःच्या गुऱ्हाळात गूळ केला तर? ती थांबली. उसाला उसाचा बाजार आहेच, विकण्यासाठी गूळ करावाच लागतो असं नाही. म्हणून घरच्या उसाची बाजारकिंमत शेतीच्या बाजूला जाते, आणि गुळाच्या विक्रीतून ती किंमत व गाळपाचा खर्च वजा करून राहतो तो धंद्याचा नफा. पिकवण्याचा खर्च शेतीच्या बाजूलाच वजा होतो, धंद्यात परत नाही. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं बघत मोठी झालेली पोरगी, हे ती आता विसरणार नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. आम्ही बग सापडला की नोंदवतो, तशी तिने चुकांची वही केली. प्रत्येक चुकीपुढे कारण : नियम आठवला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. इन्स्टिट्यूटकडून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते, ती मागवली आणि सजेस्टेड आन्सर्सशेजारी ठेवली. अकाउंटिंगमध्ये वर्किंग नोट्स गाळलेल्या. लॉमध्ये निष्कर्ष बरोबर, पण तरतूद लिहिलेलीच नाही. परीक्षकाला तिच्या डोक्यातलं कसं दिसणार? आणि एमसीक्यू! 30 मार्कांचे असतात, इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी हिने चार कोरे सोडलेले.

आरटीपी आणि मॉक टेस्ट पेपर इन्स्टिट्यूटच्या साइटवर फुकट आहेत. टेलिग्रामवरच्या ‘शंभर टक्के येणार’ पीडीएफच्या मागे लागण्याआधी ते घड्याळ लावून सोडवा. तीन तास म्हणजे तीन तास, मध्ये चहा नाही. विषयही मिसळा. सलग आठ दिवस टॅक्स केला की नवव्या दिवशी कॉस्टिंग परकं वाटतं.

‘एकाच पेपरवर जोर देऊन 60 काढू का?’ असंही काहींनी विचारलंय. ग्रुपचे सगळे पेपर देऊन एकात 60 आले, तर पुढचे तीन प्रयत्न त्या पेपरची सूट मिळते, खरं आहे. पण बाकीच्यांत 35 आले तर ग्रुप राहतोच. बहिणीचं गणित आम्ही साधं ठेवलंय : लॉ 52 वर टिकवायचा, अकाउंटिंग आणि टॅक्सेशनमध्ये मिळून पंधरा मार्क वाढवायचे. सातच लागतात, पण काठावर कशाला बसायचं?

सध्या तिचा कागद अर्धा निळा, अर्धा लाल आहे. परीक्षेला सात आठवडे आहेत. कालच मेसेज आला, ‘आज यवतपर्यंत जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट पूर्ण उतरवलं, ब्लॉक्ड क्रेडिटमधले दोन सुटले.’ ते दोन आज संध्याकाळच्या गाडीत परत विचारायचे आहेत.