तिशी आली म्हणून मेटाबॉलिझम झोपत नाही

आजचा भाग मी धामापूरला, आमच्या घराच्या पडवीत बसून रेकॉर्ड करतोय. मधेच कोंबडा आरवला तर समजून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, सगळं इथे लिहून ठेवतोय.

विषय माझ्याच रिपोर्टवरून सुचला. वय २८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. बीएमआय २२. फोनमधलं अ‍ॅप मला मस्त हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ दाखवायचं. आणि तपासणीत एचबीएवनसी आलं ५.९. ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या बाबांना मधुमेह निघाला तो ४९ व्या वर्षी. मी त्यांच्या वीस वर्षं आधीच रांगेत उभा.

गावी आलो तर आजीने माझ्याकडे बघितलं आणि रिपोर्ट न वाचताच निदान केलं. म्हणाली, “हातपाय काडयेसारखे आणि पोट भायर! ह्या खंयसून आणलंस रे?”

बाबा म्हणाले, “तिशी आली की होतंच. मेटाबॉलिझम मंदावतो.” आपण सगळेच हे म्हणतो ना? म्हणून म्हटलं, आधी हेच तपासून बघू.

मेटाबॉलिझम, म्हणजे चयापचय. साध्या भाषेत, शरीर दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतं. नुसतं पडून राहिलात तरी मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडं चालूच असतात, आणि बैठं काम करणाऱ्या माणसाचा बहुतेक खर्च तिथेच होतो. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतली ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजी-आजोबांपर्यंत. निष्कर्ष काय? शरीराच्या आकाराचा आणि चरबी सोडून उरलेल्या वजनाचा हिशेब धरला, तर २० ते ६० या वयात मेटाबॉलिझम जवळजवळ सपाट असतो. साठीनंतर तो हळूहळू उतरतो, वर्षाला साधारण ०.७ टक्के.

म्हणजे तिशीत नाही. चाळिशीत नाही. बाबांच्या ४९ व्या वर्षीसुद्धा नाही!

मग पोट येतं कुठून? तर त्या हिशेबातच उत्तर आहे. ‘चरबी सोडून उरलेलं वजन’ धरलं तर आकडा सपाट. पण ते उरलेलं वजनच कमी होत असेल तर? तिशीनंतर वापर नसेल तर स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्के घटतात, असं साधारण मानलं जातं. स्नायू गेला, तेवढीच चरबी आली, की वजनकाटा हलतच नाही. काटा म्हणतो सगळं ठीक. आमच्या भाषेत सांगायचं तर मी चुकीचा मेट्रिक मॉनिटर करत होतो.

आणि आपल्या लोकांच्या बाबतीत हा काटा जरा जास्तच फसवतो. हे ज्यांनी जगाला दाखवलं ते पुण्याचे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. तोच बीएमआय, आणि चरबी दुपटीहून जास्त.

याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे ‘बारीक पण चरबीवाला’ हा प्रकार जन्मापासूनच सुरू होतो. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ नाही, २३ आहे. आणि त्याहून सोपी खूण म्हणजे पोटाचा घेर: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. माझा भरला ९१.

हे फक्त शहराचं दुखणं आहे असंही समजू नका. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे आले. देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह. सगळ्यात जास्त कुठे? आमच्या शेजारी, गोव्यात. २६.४ टक्के. तेच मासे, तोच भात, तोच नारळ आम्हीही खातो.

आता तुम्ही म्हणाल, मग रोज धावायला लागू, वजन उतरेल. इथे एक गंमत आहे. टांझानियात हडझा नावाचे लोक आहेत, शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. दिवसभर चालतात. २०१२ मध्ये त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला, तर शरीराच्या आकाराच्या हिशेबात तो अमेरिकेतल्या बैठ्या माणसांइतकाच निघाला! संशोधकांचं म्हणणं असं की जास्त हालचाल झाली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. म्हणजे वजन उतरवायचं काम मुख्यतः ताटाचं. मग व्यायाम कशाला? कारण जेवल्यावर रक्तात आलेली साखर साठवायची सगळ्यात मोठी कोठी म्हणजे स्नायू. कोठी लहान, शिवाय बंद, तर साखर रक्तातच फिरत राहणार. व्यायामाने ती कोठी उघडते, मोठी होते. वजन तेवढंच राहिलं तरी.

आता आजीबद्दल. आजी ७८ ची. तरुणपणी विहिरीचं पाणी ओढायची, पाट्यावर वाटप वाटायची, लावणीला दिवसभर वाकायची. मग पंप आला, मिक्सर आला, गॅस आला. आणि आम्ही सगळे प्रेमाने म्हणायला लागलो, “आजी, तू बस गो.” आजी बसली. गेल्या पावसात न्हाणीघरात पडली. हाड वाचलं, पण तिला जमिनीवरून उठता येईना. तेव्हा कळलं, ज्याला आम्ही आराम म्हणत होतो त्यात तिचे पाय गेले.

बरं, उशीर झालाय का? १९९० चा एक छोटासा अभ्यास आहे. वृद्धाश्रमातली दहा माणसं, वय ८६ ते ९६. आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली! नव्वदीत स्नायू ऐकतो, तर अठ्ठ्याहत्तरीत का नाही ऐकणार?

डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. “म्हातारपणात कसलो व्यायाम रे?” म्हणत पहिल्या दिवशी तीनदा उठली. आज तीन महिन्यांनी नऊ वेळा उठते आणि मोजताना मी चुकलो तर ओरडते.

माझं काय चाललंय? आठवड्यातून तीनदा बैठका, जोर आणि पाण्याने भरलेले दोन कॅन उचलणं. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. रविवारी सकाळी भगवती मंदिराकडे तलावापर्यंत. १५३० सालचा तलाव आहे, अजून पाणी धरून आहे. ताटात भाताचा एक वाढप कमी, आणि कुळथाची पिठी, अंडी, बांगडा यांना जागा जास्त. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, महागडा डबा घ्यायची गरज नाही. तीन महिन्यांत वजन उतरलं किती? फक्त एक किलो. पण घेर ९१ चा ८७ झाला आणि एचबीएवनसी ५.६. अजून काठावरच आहे, पण अलीकडच्या काठावर.

बाबा अजून म्हणतात, “वयाप्रमाणे होतंच.” काल मात्र आजीच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसलेले दिसले. मी काही बोललो नाही.

तर या आठवड्याचं काम. एक, शिंप्याचा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा. श्वास सोडून, पोट आत न ओढता! दोन, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का बघा, शेजारी उभे राहून. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर वजन कितीही असो, साखर तपासून घ्या.

पुढच्या भागात झोपेबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हा भाग ऐकून संपला असेल तर आता जरा उठा. येवा, परत भेटू!