काठी, चेंडू आणि भिंत : लॅक्रॉसच्या शिक्षणाविषयी



ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता देण्यात आली. त्यांत क्रिकेट असल्यामुळे भारतात चर्चा झाली ती मुख्यतः क्रिकेटची. त्याच यादीतील लॅक्रॉस या खेळाची मात्र येथे फारशी ओळख नाही. 1904 आणि 1908 च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसाठी खेळला गेला होता. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये तर तो त्याच्याही कित्येक शतके आधीपासून रूढ होता. हा खेळ शिकवावा कसा आणि तो शिकवताना साधनांचे स्थान कोणते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

खेळाचे स्वरूप प्रथम थोडक्यात पाहू. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक काठी असते आणि तिच्या टोकाला जाळीची उथळ झोळी असते. सुमारे 145 ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून किंचित हलका, भरीव रबरी चेंडू या झोळीत झेलायचा, धावताना सांभाळायचा, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि अखेरीस सहा फूट रुंद व सहा फूट उंच अशा गोलात मारायचा. गोलरक्षकावाचून कोणीही चेंडूला हात लावावयाचा नाही. काठी हाच खेळाडूचा हात होय, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

सतराव्या शतकात फ्रेंच मिशनऱ्यांनी या खेळाच्या नोंदी केल्या आणि त्याला आजचे नाव मिळाले तेही फ्रेंच भाषेतूनच. मोहॉक, ओनाइडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ स्वतःला होडेनोशोनी म्हणवतो. त्यांच्या दृष्टीने हा खेळ सृष्टिकर्त्याने दिलेली देणगी आहे. आजाऱ्याला आरोग्य लाभावे म्हणूनही तो खेळला जातो. माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी 1867 मध्ये त्याचे नियम लिखित स्वरूपात आणले आणि केस भरलेल्या कातडी चेंडूच्या जागी रबरी चेंडू आला. रबरी चेंडू उसळी घेऊ लागताच खेळण्याची पद्धतही पालटली. साधन बदलले की शिक्षण बदलते, याचे हे या खेळातील एक जुने उदाहरण आहे.

जुनी काठी हिकरी नावाच्या चिवट लाकडाची असे. खोड फोडून त्याच्या फळ्या काढायच्या, वाफेवर मऊ करून टोक वाकवायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे आणि मग तासून तिच्यात कातड्याची वादी व तात विणायची, असे हे धीराचे काम होते. ओनोंडागा कारागीर आल्फ जॅक्स यांनी वडिलांकडून शिकलेली ही कला 2023 मध्ये निधन होईपर्यंत जोपासली. या काठीला एका बाजूस लाकडाची आणि दुसऱ्या बाजूस विणीची भिंत असे. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याची काठी निराळी आणि डाव्या हाताने खेळणाऱ्याची निराळी असे. प्रत्येक काठीचा स्वभावही वेगळाच. अशा काठीने खेळणारा खेळाडू तिच्याशी जुळवून घेण्यात वर्षे घालवी.

1968 मध्ये कॉर्नवॉल बेटावरील मोहॉक कारागिरांचा कारखाना आगीत भस्मसात झाला. जगातील बहुतेक लाकडी काठ्या त्या काळी तेथूनच जात असत. कारखाना पुन्हा उभा राहिला. परंतु 1970 मध्ये बाल्टिमोरच्या रिचर्ड टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या टोकाची काठी बाजारात आणली. ती हलकी होती, दोन्ही बाजूंनी सारखी होती आणि मुख्य म्हणजे कारखान्यातून हव्या तितक्या संख्येने काढता येत होती. शाळाशाळांतील मुलांना खेळ सुलभ झाला. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने खेळण्याची अपेक्षा प्रशिक्षक आता करू लागले. तथापि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी काठी घडवली त्यांच्या हातचा व्यवसाय यामुळे ओसरला. लाभ आणि हानी यांचा हिशेब एकत्रच मांडला पाहिजे.

प्रशिक्षकासमोरची पहिली अडचण म्हणजे चेंडू झोळीत टिकवणे. धावताना दिशा बदलली की चेंडू आपल्या मूळ गतीने पुढे जाऊ पाहतो आणि उथळ झोळीतून निसटतो. म्हणून मनगट व कोपर यांच्या लयीने काठी सतत झुलवत ठेवावी लागते. मूल पाळण्यात झुलवावे तसाच हा प्रकार आहे. या झुलवण्याने चेंडू झोळीच्या तळाशी दाबलेला राहतो. झेलतानाही काठी चेंडूवर आपटायची नसते. चेंडू येताच ती किंचित मागे घ्यायची असते. नवशिका नेमके उलटे करतो. तो काठी घट्ट आवळतो आणि चेंडू जाळीवर आदळून बाहेर उडतो.

ही चूक शब्दांनी सुधारत नाही, ती सुधारते आवृत्तीने. त्यासाठी या खेळातील सर्वांत जुने, स्वस्त आणि निःपक्षपाती साधन म्हणजे भिंत. खेळाडू भिंतीपासून काही पावलांवर उभा राहतो, चेंडू मारतो आणि परतलेला चेंडू झेलतो. प्रथम उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. फेक तिरपी गेली तर चेंडूही तिरपाच परततो. भिंत कोणाची भीड धरत नाही आणि कोणावर रागावतही नाही. ताणलेल्या जाळीची पोलादी चौकट ही या भिंतीचीच सुधारलेली आवृत्ती होय.

इतर साधनांमागेही एकच तत्त्व आढळते. गोलावर कापड ताणून त्याच्या कोपऱ्यांत भोके ठेवतात. मग मारा नेमका करण्याखेरीज गत्यंतर नसते. अरुंद टोकाची काठी सरावाला देतात. तिने झेलण्याची सवय झालेल्याला नेहमीची काठी प्रशस्त वाटते. लहान मुलांना आखूड काठी आणि मऊ चेंडू देतात. चांगले साधन एका वेळी एकच दोष वेगळा काढून दाखवते. जे साधन दोष झाकते ते कितीही महाग असले तरी शिक्षणाच्या उपयोगाचे नाही.

गोलरक्षकाच्या बाबतीत तर साधनाचा संबंध थेट भयाशी येतो. प्रौढ खेळाडूचा मारा ताशी 160 किलोमीटरहूनही वेगवान असू शकतो. अशा चेंडूपुढे अंग चोरणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे. म्हणून जाणते प्रशिक्षक आरंभी टेनिसचा चेंडू वापरतात. वेदनेची धास्ती गेली की डोळे चेंडूवर स्थिरावतात आणि पाऊल पुढे पडते. मात्र भीती घालवणे म्हणजे धोका नाकारणे नव्हे. छातीवर विशिष्ट क्षणी बसलेल्या आघाताने निरोगी मुलाचेही हृदय बंद पडू शकते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. अमेरिकेतील शालेय मुलांच्या लॅक्रॉसमध्ये त्यासाठी ठरवलेल्या मानकाचे छातीचे कवच 2021 पासून गोलरक्षकांना आणि 2022 पासून सर्व खेळाडूंना अनिवार्य झाले. नवशिक्याच्या हाती काठी देण्यापूर्वी प्रशिक्षकाने त्याचे कवच पाहावे, हा त्याच्या कर्तव्याचा पहिला भाग आहे.

कधीकधी जागा हेच साधन होते. कॅनडात 1930 च्या दशकात आइस हॉकीच्या बंदिस्त आखाड्यांत उन्हाळ्यात लॅक्रॉस खेळला जाऊ लागला. तेथे जागा अपुरी, गोल लहान आणि त्यापुढे जाड कवच ल्यालेला गोलरक्षक. या अडचणींतूनच चपळ हातांचे खेळाडू निपजले. ब्रिटिश कोलंबियातून सिरॅक्यूझ विद्यापीठात आलेल्या गॅरी गेट यांनी 1988 मध्ये गोलाच्या मागून झेप घेऊन आडव्या दांडीवरून चेंडू आत घातला, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. त्या झेपेमागे आखाड्यातील वर्षानुवर्षांचा सराव उभा होता.

त्याच विद्यापीठाच्या 1957 च्या अपराजित संघाचे गोलरक्षक ओरेन लायन्स हे ओनोंडागा होते. पुढे 1983 मध्ये होडेनोशोनींचा स्वतःचा राष्ट्रीय संघ स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता. जागतिक स्पर्धांत हा संघ आपल्याच ध्वजाखाली उतरतो. ऑलिंपिकमध्ये मात्र प्रवेशासाठी मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती लागते आणि होडेनोशोनींजवळ ती नाही. मुंबईतील निर्णयानंतर हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. ज्यांनी जगाला हा खेळ दिला त्यांनाच दाराशी थांबावे लागावे, यातील विसंगती कोणाही विचारी माणसाच्या लक्षात येईल.

म्हणून लॅक्रॉस शिकवणाऱ्याने काठी हाती देताना तिची कथाही सांगावी. झेल कसा घ्यावा हे भिंत शिकवील, कवच देहाचे रक्षण करील. परंतु हातातली वस्तू कोणाच्या श्रमातून आली आणि तिचे ऋण कसे मानावे, हे शिकवण्यासाठी अद्याप कोणतेही यंत्र निघालेले नाही. ते काम शिक्षकाचेच आहे.