खचणारी जाकार्ता आणि नवी राजधानी

इंडोनेशियांतील जाकार्ता नगरीवर दोन संकटें आहेत. समुद्र वर चढत आहे आणि नगरी खालीं चालली आहे. यांतील दुसरें अधिक भयंकर. शिवाय तें मनुष्यनिर्मित. नळाचें पाणी सर्वांस पुरत नाहीं, म्हणून घरोघरीं, कारखान्यांत, उपाहारगृहांत विंधणविहिरी खणून भूगर्भांतील पाणी उपसलें जातें. आधार गेला कीं वरची जमीन दबते. उत्तर किनाऱ्यावर तर संरक्षक भिंतीपलीकडील समुद्र अलीकडच्या रस्त्याहून उंच दिसतो!

अध्यक्ष जोको विडोडो यांनीं २०१९ सालीं राजधानीकरितां बोर्निओ बेटावरील पूर्व कालीमंतान प्रांत निवडला. २०२२ सालीं नुसांतरा नगरीचा कायदा झाला. स्थळ देशाच्या मध्याजवळ, भूकंपाचें भयहि जावा बेटाहून कमी. नकाशावर निवड उत्तमच; अरण्याची हानि होते ती निराळी. दप्तरें हलतील, मंत्री जातील. पण किनाऱ्यावरील मच्छीमारांनीं कोठें जावें? टोकियोहि असेंच खचत होतें. तेथें भूजलाच्या उपशावर कायद्यानें निर्बंध घातले, आणि राजधानी न हलवितां तें खचणें बहुतांशीं थांबलें. जाकार्तेंत नळ मात्र अद्यापि घरोघरीं पोंचावयाचे आहेत.